टपालकाकूंना विचारा : सण सरल्यावर लिहा

प्रश्न : काकू, मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि मुलगी हैदराबादेत दिली आहे. फोन रोज होतो, पण ठेवला की काय बोललो ते आठवत नाही. मागच्या दिवाळीला हौसेनं दोघांना कार्डं पाठवली. मुलगी म्हणाली, "आई, कार्ड छान होतं." मुलगा काहीच बोलला नाही. पुन्हा लिहावंसं वाटतं, पण कारण नसताना काय लिहायचं? वर्षभरात कोणकोणत्या सणाला पत्र पाठवता येईल ते सांगाल का? (एक भगिनी, उदगीर)

उत्तर : ताई, पोरांवर रागावू नका. तुमच्या कार्डावर काय होतं ते मी न बघता सांगते. 'ही दिवाळी तुम्हाला सुखाची, समृद्धीची, भरभराटीची जावो.' खाली 'आई-बाबा'. यावर लेकीनं 'छान होतं' याशिवाय दुसरं काय म्हणावं? उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतंच.

1988 ते 2019 अशी एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागं काढली, त्यातली निम्मी इथं अंबाजोगाईत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण कार्ड उघडं असतं, आणि शिक्का मारताना डोळे मिटता येत नाहीत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जो ढीग यायचा, त्यातली पन्नास कार्डं एकमेकांच्या पत्त्यावर पडली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. सण होऊन आठ-दहा दिवस गेले की येणारी कार्डं निराळी. 'थोरलीच्या चकल्या यंदा तेलात विरघळल्या.' 'मामा आले नाहीत, पाट तसाच मांडून ठेवला होता.' अशी कार्डं घेऊन माणसं घरी जायला निघायची आणि दारातच सायकलला टेकून वाचत उभी राहायची.

म्हणून माझा सल्ला तुमच्या प्रश्नाच्या जरा उलटा आहे. सणाला पत्र पाठवू नका. सण होऊ द्या, मोठी भांडी घासून परत फडताळावर जाऊ द्या, आणि तिसऱ्या दिवशी लिहायला बसा. शुभेच्छांना फोन पुरतो.

आणि कॅलेंडरातल्या लाल तारखांच्या मागं लागू नका. त्या पुण्यातही आहेत, हैदराबादेतही आहेत. त्यांच्याकडं नाही असं काय आहे ते बघा. आपली येळवस घ्या. मार्गशीर्षातली अमावास्या. कॅलेंडरात असली तर बारीक अक्षरात 'वेळा अमावास्या' असते. लातूर-धाराशिवाकडं त्या दिवशी दुपारी गावात माणूस दिसत नाही, सगळे शेतात, पूजेला आणि जेवायला. पुण्याच्या ऑफिसात तुमच्या मुलानं 'येळवस' म्हटलं, तर शेजारचा विचारेल, हा कुठला सण? डिसेंबरच्या शेवटी नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे नव्या वर्षाच्या कार्डाचंही काम त्यात भागतं.

त्या पत्रात काय लिहायचं? कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपी, कुणी बांधली. पाच पांडवांना, म्हणजे पूजेच्या पाच दगडांना, चुना कुणी लावला. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन बांधावरनं चालताना कुणाचा पाय घसरला. भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीत, तुरीचे ओले दाणे होते का यंदा बाजारच्या वाटाण्यावर भागवलं. बाजरीचे उंडे कुणाचे फुटले. अंधार पडताना हेंडगा, म्हणजे कडब्याचा पेटता पलिता, घेऊन पिकाभोवती कोण पळालं. कार्डाची पाठ भरून जाते, 'पत्रास कारण की' लिहायलाही जागा उरत नाही.

माझा मुलगा बंगळूरला असतो. एका वर्षी त्याला येळवशीचं पत्र टाकलं. त्यात एवढंच होतं की, तुझ्या काकानं कोपीत बसल्या बसल्या तिघांची भज्जी एकट्यानं संपवली, मग बांधावर आडवा झाला तो दिवेलागणीला उठला आणि म्हणाला, जेवायला कधी बसायचं? पत्र पोचल्यावर पोराचा फोन आला तो हसतच. हसून झाल्यावर विचारतो, "कोणत्या शेतात गेलते? विहिरीच्या का वरच्या?" घर सोडून अकरा वर्षं झाली होती, शेताचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं. मी वरच्या म्हणून सांगितलं आणि पुढं विहिरीच्या शेताचं काय झालं तेही सांगावं लागलं. ते तोवर लपवलं होतं.

दुसरा मोठा साठा पावसाचा. मिरगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं. 7-8 जूनला मृग लागतो, आणि मग दर तेरा-चौदा दिवसांनी पुढचं नक्षत्र, ते सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागेपर्यंत. नऊ नक्षत्रांची नऊ कार्डं. प्रत्येक कार्डाला चार ओळी पुरतात. पेरलं का, उगवलं का, दुबार करावी लागली का. सोयाबीन पिवळं पडलंय का. पंचांगात नक्षत्राचं वाहन काय दिलंय आणि ते खरं ठरतंय का. माझे सासरे दर नक्षत्राला वाहन बघायचे. बेडूक नाहीतर म्हैस निघाली की दिवसभर खूश, आणि पाऊस नाही पडला की पंचांगवाल्यावर राग. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा, हे तुमच्या नातवंडांना सांगणारं हैदराबादेत कोण आहे? एका कार्डावर फक्त एवढंच लिहा, 'आज म्हातारा लागला, अजून खोकलाही नाही.' लेक फोन करून अर्थ विचारेल.

पाणी हा तर आपल्याकडं वेगळाच विषय. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्यानंतर धनेगावचं मांजरा धरण भरलं की आमच्या घरात पेढे येतात. इथलं आणि लातूरचं नळाचं पाणी त्याच धरणाचं. मांजरा भरल्याचं कार्ड मी दर वेळी तीन ठिकाणी टाकते. काही वर्षं टाकताच येत नाही. त्यामुळं ते आलं की घेणाऱ्यालाही कळतं की हे दरवर्षीचं नव्हे.

पंचमीबद्दल, म्हणजे नागपंचमीबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण पत्राची चटक मला तिथं लागली. माझं माहेर औसा तालुक्यात, आईचं माहेर निलंग्याकडं. पंचमीच्या आधी पंधरा दिवस आजोबांचं कार्ड यायचं. मोडीच्या वळणाचं बाळबोध अक्षर, वर 'श्री', कोपऱ्याला हळदीचं बोट. मजकूर दरवर्षी तोच. 'चि. सौ. लेकीस अनेक आशीर्वाद. धाकट्यास मुराळी पाठवीत आहे. तयारीत असावे. पोरांस घेऊन यावे.' मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा. पोस्टमननं कार्ड दिलं की आई मजकूर नंतर वाचायची, आधी कोपरा बघायची. कोपरा फाडलेला असला तर कुणीतरी गेलं. कोपरा शाबूत आणि हळदीचा दिसला की मग ती ओट्यावर टेकायची. ही सगळी कार्डं खुंटीच्या तारेत ओवलेली असायची. खाली लाकडी चकती, वर आकडा, नवं कार्ड सगळ्यात वर. आजोबा गेल्यावर मुराळी येतच राहिला, मामा फटफटीवर यायला लागला, पण कार्ड थांबलं. आई दरवर्षी म्हणायची, "कार्ड नाही तर बोलावल्यासारखं वाटत नाही." आता मी भाचीला पंचमीचं कार्ड टाकते. मुराळी पाठवायला माझ्याकडं कुणी नाही, तिला बसनं ये म्हणून लिहिते. कोपऱ्याला हळद लावते.

बाकीचे सण भरभर सांगते. भाद्रपदात पुण्या-मुंबईला गौरी येतात, आपल्याकडं महालक्ष्म्या. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की लगेच लिहा, कोणती साडी नेसवली होती ते आठवतंय तोवर. दसऱ्याला पाकिटात आपट्याचं पान घाला. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास विकतात, शेतातलंच घ्या. एक रात्र वर्तमानपत्रात दाबून ठेवलं की पाकिटात दुमडत नाही. ईदचं कार्ड मी शेजारच्या आपांना, त्यांनी घर बदलल्यापासून, नांदेडला पाठवते. त्यावर तारीख घालत नाही, चंद्र दिसेल तेव्हा ईद. पूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ईदकार्डांनी आमची पेटी भरून जायची, आता ती दुकानं मोबाईलची कव्हरं विकतात.

संक्रांत आली की मला 14 जानेवारी 1994 आठवते, विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो दिवस. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ खिडकीशी आले, एक पाकीट घेतलं, आणि बाकावर बसून फक्त पत्ता लिहीत राहिले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. पुतण्या तिथं वसतिगृहात होता. पाकीट माझ्याकडं देताना म्हणाले, "बाई, शिक्का नीट उमटवा." आत पत्र होतं का नुसतं कोरं पान, मला माहीत नाही. नाव बदललं, गाव बदललं, घराला नंबर पडला, तेही लिहायला पुरेसं कारण आहे.

आणि एक तारीख अशी आहे जी तुम्हाला उदगीरला असल्यामुळं सांगावी लागणार नाही. 30 सप्टेंबर. 1993 साली गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही एकाच ओळीची कार्डं हाताळली. 'आम्ही सुखरूप आहोत, काळजी नसावी.' आणि उलट बाजूनं येणारी, 'कळवा' एवढंच लिहिलेली. त्यातल्या काही कार्डांना पत्त्यावरचं घर उरलं नव्हतं. माझी एक शाळेतली मैत्रीण त्या पट्ट्यातली. ती आता लातूरला असते. दर 30 सप्टेंबरला मी तिला कार्ड टाकते. त्यात भूकंपाचा शब्द नसतो. डाळीचा भाव, गुडघ्याचं दुखणं, असलंच काहीतरी. तीही तसंच उत्तर पाठवते. हे सण नव्हे, पण ताई, तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल.

एवढी सगळी पत्रं लिहायची नाहीत हो. वर्षाला दहा-बारा पुष्कळ झाली. मी खिडकीवर असताना कार्ड 50 पैशाला, आंतरदेशीय अडीच रुपयांना आणि पाकीट पाच रुपयांना होतं. कार्डं पंचवीस-तीस एकदमच आणून ठेवा. घरात कार्ड नसलं की लिहायची लहर आली तशी जाते. आणि दोघांना एकच मजकूर लिहू नका. भावंडं एकमेकांना वाचून दाखवतात.

प्रश्न : आमच्या शाळेतली मुलं संक्रांतीला सैनिकांना पत्रं पाठवतात. पाकिटात तिळगूळ घालावा का? मागच्या वर्षी पाकिटं तेलकट झाली. (एक शिक्षक, जिंतूर)

उत्तर : सर, लाडू-वडी घालू नका. पाकिटावर शिक्क्याचा दणका बसतो, मग पोत्यात दाबली जातात, तिळाचं तेल सुटतं आणि शेजारच्या पाकिटाचाही पत्ता पुसतं. घालायचेच तर नुसते कोरडे तीळ, चिमूटभर, छोट्या कागदी पुडीत. वजन बघा. साध्या पाकिटाचा दर पहिल्या 20 ग्रॅमपुरता असतो, वर गेलं की तिकीट वाढतं, आणि कमी लावलं तर पत्र नॉटपेड होतं. तो दंड ज्याला शुभेच्छा दिल्या त्याच्याकडनंच वसूल करतात, म्हणजे बघा. आंतरदेशीय पत्रात तर काहीच घालायची परवानगी नाही, ते त्यावर छापलेलंच असतं. राखीसाठी मात्र पोस्ट वेगळी, पाण्यानं न भिजणारी पाकिटं विकतं, श्रावणात ती मागून घ्या.

मुलांना फळ्यावर मजकूर लिहून देऊ नका, ही एक विनंती. चाळीस मुलांची चाळीस सारखी पत्रं मी पाहिली आहेत. प्रत्येकाला सांगा, आज शाळेत येताना वाटेत काय दिसलं ते लिही. एकानं म्हैस लिहिली तर लिहू द्या.

प्रश्न : मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. तुमचं पान वाचून आजोबांना अंबाजोगाई तालुक्यात पत्र टाकलं. पोचायला तब्बल सोळा दिवस लागले. आणि उत्तर तर आलंच नाही. पोस्ट एवढं ढिलं झालंय का? शिवाय मायना काय लिहायचा तेही कळत नव्हतं, 'हाय आजोबा' लिहिलं. (एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, तू सोबत पाकिटाचा फोटो जोडलास ते बरं केलंस. पत्ता छान लिहिला आहेस. पिन लिहिला आहेस 413517. तो उदगीरचा. अंबाजोगाईचा 431517. आकडे तेच, एकाची आणि तिनाची जागा बदलली की शंभरेक किलोमीटरचा फेरा. पहिले तीन आकडे बघून पत्राची पिशवी ठरते, शेवटचे तीन बघून पोस्ट. परभणी, नांदेड, बीड, जालना यांचे पिन 431 नं सुरू होतात, लातूर-धाराशिवाचे 413 नं. तुझी पहिली चूक नाही. उदगीरची कितीतरी पत्रं मी स्वतः अंबाजोगाईच्या खिडकीत बसून परत वळवली आहेत, आणि आमची तिकडनं आली आहेत. 15 ऑगस्ट 1972 ला पिन सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या डोक्यातून. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे कवी. आकडे त्यांनी चोख बसवले, आपण ते घाईत लिहितो. गावाचं नाव औरंगाबाद लिहा का छत्रपती संभाजीनगर, पिन नीट असला की पत्र पोचतं.

मायना. वर 'श्री'. मग 'तीर्थरूप आजोबांस, शिरसाष्टांग नमस्कार'. संक्षेपात 'शि. सा. न. वि. वि.' लिहितात, त्यातल्या 'वि. वि.'चा अर्थ विनंती विशेष. आजोबांना तो वाचून बरं वाटेल. पण 'हाय' लिहिलंस म्हणून ते रागावले असतील असं मला वाटत नाही. माझ्या मते अडचण वेगळी आहे. तुझं पत्र तू फोटोत दाखवलंस, त्यात तू विचारलंयस, 'कसे आहात? तब्येत कशी आहे?' ऐंशीच्या माणसाला तब्येतीचं विचारलं तर तो 'ठीक' म्हणतो, आणि 'ठीक' एवढंच लिहायला कार्ड कोण आणतं?

पूर्वी जबाबी कार्ड मिळायचं, दोन कार्डं जोडलेली, एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं परत यायला. तू तसंच कर. पत्र पाकिटात घाल आणि आत एक कोरं कार्ड ठेव, त्यावर तुझा परभणीचा पत्ता तूच लिही. मोठ्या अक्षरात. आणि एकच प्रश्न विचार, ज्याचं उत्तर त्यांच्याशिवाय कुणाला देता येणार नाही. विहिरीला सध्या किती परस पाणी आहे? हरभरा कोणत्या नक्षत्रात पेरला? कृषी विद्यापीठात शिकतोस, तर त्यांना थोडं चिडव, 'आमचे सर म्हणतात तुम्ही उशिरा पेरता'. मग बघ, कार्ड पुरणार नाही, ते समासात आडवं लिहितील.

दिवे जवळ आलेत. दिवाळीच्या आधी टाकू नकोस. सुट्टीला घरी जाऊन ये, त्यांच्यासोबत शेतात फिर, परत आल्यावर लिही. आणि पिन लिहिताना आधी तीन, मग एक.